वाक्याचं शेपूट



गटाच्या बैठकीत एखादी नवी सून कोपऱ्यात गप्प बसलेली दिसली, की आपण सहज म्हणतो, "तू शिवणकाम शिकलीयेस ना?" उत्तर आपल्याला ठाऊक असतं. तो 'ना' तिला बोलतं करायला असतो. इंग्रजी बोलण्यातही असं शेपूट असतं. "इट्स कोल्ड, इझंट इट?" म्हणजे थंडी आहे, नाही का? आपला 'ना' कुठेही चालतो. इंग्रजीत मात्र वाक्य बदललं की शेपूट बदलतं. वाक्य होकाराचं असेल तर शेपूट बहुधा नकाराचं. शिकताना आम्हाला घाम फुटला होता!

या शेपटावरून मोठा वाद झाला. १९७३ साली अमेरिकेत रॉबिन लेकॉफ या भाषेच्या अभ्यासक बाईंनी एक लेख लिहिला, १९७५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मुलींना लहानपणापासून मवाळ बोलायला शिकवतात, म्हणून बायका असे प्रश्न जास्त जोडतात, असं त्यांचं म्हणणं. आपलं मत समोरच्यावर लादायचं नाही, हा त्यातला विनय. पण लोक समजतात, हिची स्वतःचीच खात्री नाही. त्यांचा राग बायकांवर नव्हता, वाढवण्याच्या रीतीवर होता. तरी पुढे नोकरदार बायकांना सल्ले मिळू लागले, शेपूट तोडा, ठाम बोला.

लेकॉफबाईंनी मोजदाद केली नव्हती. स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या बोलण्यावरून त्यांनी लिहिलं होतं. १९७५ सालीच बेटी लू ड्यूबॉइस आणि इसाबेल क्राउच या दोघींनी विद्वानांच्या एका सभेतली चर्चा तपासली. असे ३३ प्रश्न सापडले. सगळेच्या सगळे पुरुषांचे! त्या पुरुषांना कुणी डळमळीत म्हटलं नव्हतं.

पुढे न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी आम्हाला फार पटलेली गोष्ट केली. शेपटं किती, एवढंच न मोजता प्रत्येक शेपूट काय काम करतं ते त्यांनी पाहिलं. 'माझी खात्री नाही, सांगा बरं' अशा अर्थाची पुरुषांच्या बोलण्यात जास्त निघाली. दुसऱ्याला बोलण्यात ओढून घेणारी बायकांच्या बोलण्यात जास्त. म्हणजे ज्याला कच्चेपणा म्हटलं, ते बैठक चालवण्याचं काम होतं. आणि ते काम, नेहमीप्रमाणे, कुणी मोजलं नव्हतं.

मात्र प्रत्येक शेपूट विनयाचं नसतं. कोर्टात वकील साक्षीदाराला दरडावतो, "यू न्यू हिम, डिडन्ट यू?" तुम्ही त्याला ओळखत होता, हो ना? इथे शेपूट म्हणजे फास. हो म्हणण्यावाचून वाट ठेवायचीच नाही.

फरक आवाजातही कळतो. शेवटी आवाज वर चढला तर बोलणारा बहुधा खरंच विचारतोय. खाली उतरला तर त्याला होकार हवाय. टीव्हीवर इंग्रजी मुलाखत लागली, तर शब्द कळले नाहीत तरी चालेल, वाक्याच्या शेवटी आवाज कुठे जातो तेवढं ऐका. ऐकाल ना?