अवजड यंत्रांच्या गिअरबॉक्समधील अनियमित दोष
डंपर, डोझर, लोडर यांसारख्या यंत्रांत चालू कामात गिअर अधूनमधून सुटणे, घसरणे किंवा उशिरा पडणे. तपासणीच्या वेळी यंत्र बहुधा सुरळीत चालते, त्यामुळे कारण सापडणे कठीण जाते.

चंद्रपूर जिल्ह्यातील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या कोळसा खाणी आणि गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची लोहखनिज खाण येथे अशी यंत्रे वापरली जातात. उन्हाळ्यातील 45° से.हून अधिक तापमान, धूळ, पावसाळी ओल आणि चढाचे रस्ते हे सर्व या दोषांना पोषक ठरते.

कारणे : पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह तेलाचा दाब क्लचपर्यंत सोडतात. तेल तापून पातळ झाले की झिजलेल्या सीलमधून गळून दाब उतरतो. तेलाची पातळी कमी असल्यास चढावर पंप हवा ओढतो. हादऱ्यांनी घासलेली वायर, ओल शिरलेला कनेक्टर किंवा सैल अर्थिंग यांमुळे सोलेनॉइडला जाणारा विद्युत संदेश क्षणभर तुटतो.

शोध : दोष कोणत्या गिअरात, किती तापल्यावर, भरल्या की रिकाम्या गाडीत येतो, याची चालकाकडून नोंद घ्यावी. तेलाची पातळी, रंग, वास आणि फिल्टरमधील धातूचे कण पाहावेत. दाब थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजावा. वायरिंग हलवून मीटरचे वाचन बदलते का, ते तपासावे. नेमके कारण कळण्यापूर्वी सुटे भाग बदलू नयेत. उतारावर गिअर सुटणे जीवघेणे ठरू शकते. म्हणून असे यंत्र दुरुस्तीपर्यंत कामावरून काढावे आणि तपासताना चाकांना अडण लावावी.