सीटबेल्ट व बाल-आसन

मोटारगाडीतील प्रवाशाला धडकेच्या वेळी आसनाशी धरून ठेवणारा पट्टा म्हणजे सीटबेल्ट. हा पट्टा ज्यांच्या अंगाला नीट बसत नाही, अशा लहान मुलांसाठीची वेगळी बैठक म्हणजे बाल-आसन; बोलण्यात तिला चाइल्ड सीट किंवा बेबी सीट म्हणतात.

गाडी आदळून थांबते, पण आतला माणूस आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी 50 किमी वेगाने असे आदळणे हे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतके असते. बेल्ट हा आघात छातीचा पिंजरा, खांदा आणि कमरेची हाडे या मजबूत भागांवर वाटून देतो. म्हणून खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर हवा; गरोदर स्त्रीने तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा पट्टा काखेतून घेतला किंवा पाठीमागे टाकला, तर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.

आज सर्वत्र दिसणारा तीन बिंदूंचा बेल्ट व्होल्वो कंपनीतील स्वीडिश अभियंते नील्स बोलीन यांनी तयार केला. त्याआधी ते विमानांतील इजेक्शन सीटवर काम करीत. 1959 मध्ये हा बेल्ट गाड्यांत आला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले केले. बेल्ट लावण्याची सक्ती प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1970 मध्ये केली.

मुलाला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसणे ही आपल्याकडची सर्वांत घातक सवय आहे. ताशी 50 किमी वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला सरासरी 140 किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. ते कोणत्याही आईबापाच्या हातांत नसते. मोठ्या माणसाने बेल्ट लावलेला नसेल, तर बाळ त्याच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये चिरडते. एकाच बेल्टमध्ये दोघांना बांधणेही तितकेच घातक.

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. त्यामुळे त्याचे आसन गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवतात; युरोपातील आर129 नियमानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत तसे बसवणे बंधनकारक आहे. चालू एअरबॅगसमोर असे आसन कधीही ठेवू नये, फुगणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. मूल मोठे झाले की पट्ट्यांचे आसन आणि मग बूस्टर, म्हणजे गाडीचाच बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. युरोपीय देशांत उंची 135 किंवा 150 सेंमी होईपर्यंत बाल-आसन लागते. आयसोफिक्स ही जोडणी बाल-आसन थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवते आणि बसवण्यातील चुका कमी करते.

भारतात 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आले. बेल्ट न लावल्यास, तसेच 14 वर्षांखालील मुलाला बेल्ट वा बाल-आसनात न बसवल्यास 1,000 रुपये दंड आहे. मागच्या आसनाकडे मात्र दुर्लक्षच होते. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मागे बसलेले असताना अपघातात दगावले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर हा विषय महाराष्ट्रात घरोघरी बोलला गेला. मागचा बेल्ट न लावलेला प्रवासी पुढच्याच्या पाठीवरही आदळतो.

मोठ्या धडकेत सापडलेला बेल्ट किंवा बाल-आसन वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. पूर्वइतिहास माहीत नसलेले जुने आसन विकत घेऊ नये.