एक डोळा, दोन चेंडू

क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की मन्सूर अली खान पतौडींचे नाव हमखास निघते, आणि पाठोपाठ एक उद्गारही येतो : 'एका डोळ्याने खेळायचा हो माणूस!' या उद्गारात कौतुक भरपूर आहे, इतिहास मात्र थोडा आहे. डोळा गेलेला खेळाडू पुन्हा खेळपट्टीवर उभा राहतो म्हणजे नेमके काय करतो, आणि ते सर्वांनाच का साधत नाही, हे समजून घ्यायचे तर दंतकथा बाजूला सारून घटनाक्रमाकडे वळले पाहिजे.

१९६१ साली पतौडी वीस वर्षांचे होते आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कर्णधार होते. त्याच मोसमात त्यांनी यॉर्कशायरसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली होती. १ जुलै रोजी होव्ह येथे ससेक्सविरुद्धचा सामना चालू असताना, दिवसाचा खेळ संपल्यावर ते ज्या मोटारीत बसले होते तिला अपघात झाला. पुढची काच फुटली आणि तिची कपची त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसली. शस्त्रक्रिया झाली. डोळा जागेवर राहिला, पण त्यातले नैसर्गिक भिंग निकामी झाले.

येथे थोडे शरीरशास्त्र पाहू. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनांतून पाहतात. मेंदू ती दोन चित्रे एकमेकांवर बसवतो आणि त्यांतल्या फरकावरून अंतर ठरवतो. एक चित्र बिघडले की हा हिशेबच कोलमडतो. पतौडींनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, सिगारेट पेटवायला गेले तर काडी टोकाला न लागता बाजूलाच राही, आणि तांब्यातले पाणी पेल्याऐवजी टेबलावर पडे. ज्याला हातभर अंतरावरचा पेला सापडत नाही, त्याने बावीस यार्डांवरून येणारा वेगवान चेंडू खेळायचा! असा चेंडू फलंदाजापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही.

तरीही काही आठवड्यांतच ते जाळ्यात सरावाला उभे राहिले. १९६१ च्या अखेरीस हैदराबादला इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्ध त्यांना खेळण्याची संधी मिळाली. अधू डोळ्यात त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स घातली होती. तिने उजेड आणि आकार परत आले, पण नवेच संकट उभे राहिले : एकाऐवजी दोन चेंडू दिसू लागले, एकमेकांपासून सहा-सात इंचांवर. त्यांतला आतला चेंडू खरा धरून ते चहापानापर्यंत खेळले. मग लेन्स काढून टाकली, तो डोळा मिटून घेतला आणि एकाच डोळ्याने पुढे खेळत ७० धावा केल्या. बिघडलेल्या दोन डोळ्यांपेक्षा धड असलेला एकच बरा, हा निर्णय त्यांनी भर सामन्यात घेतला. त्यांचे खरे पुनरागमन येथे झाले, असे मला वाटते.

१३ डिसेंबर १९६१ रोजी दिल्लीत ते पहिला कसोटी सामना खेळले. अपघाताला सहा महिनेही झाले नव्हते. मद्रासच्या कसोटीत त्यांनी १०३ धावा काढल्या आणि भारताने इंग्लंडविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली. पुढे मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्यांचे प्राण वाचवण्यासाठी वेस्ट इंडीजचे कर्णधार वॉरेल यांनी रक्त दिले. आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही दिले. काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. एका जायबंदी खेळाडूच्या जागी, एक डोळा अधू असलेला एकवीस वर्षांचा तरुण भारताचा कर्णधार झाला.

त्यांनी गेलेल्या डोळ्याची भरपाई कशी केली? टोपी उजव्या डोळ्यावर ओढून दुसरे चित्र झाकले. उभे राहण्याची पद्धत बदलून छाती गोलंदाजाकडे थोडी अधिक वळवली, म्हणजे डाव्या डोळ्याला समोरचे सारे दिसावे. ४६ कसोटींत त्यांनी २,७९३ धावा केल्या. १९६४ मध्ये दिल्लीला नाबाद २०३, तर १९६७ मध्ये लीड्सला फॉलोऑननंतर १४८. धावांची सरासरी ३४.९१. दोन डोळ्यांनी ती किती झाली असती, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याला उत्तर नाही.

पण जिद्द असली की सारे होते, असा निष्कर्ष येथे काढू नये. इंग्लंडचा कॉलिन मिलबर्न हा धिप्पाड, आडदांड फटकेबाज. मार्च १९६९ मध्ये कराचीला त्याने १३९ धावा केल्या आणि मे महिन्यात मोटार अपघातात डावा डोळा गमावला. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा डोळा म्हणजे गोलंदाजाकडचा, पुढचा डोळा. पतौडींचा मागचा गेला होता, मिलबर्नचा पुढचा गेला, शिवाय उरलेल्या डोळ्यालाही इजा झाली होती. १९७३ मध्ये तो कौंटीत परतला, पण जुना मिलबर्न परतला नाही. रणजितसिंहांचा उजवा डोळा १९१५ मध्ये शिकारीत गेला. १९२० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते ससेक्सकडून तीन सामने खेळले आणि एकूण ३९ धावा झाल्या. दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर याच्या डाव्या डोळ्यावर २०१२ मध्ये टॉन्टनला बेल उडून लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. यांपैकी कोणाची जिद्द कमी होती? इजा कोणत्या डोळ्याला, वय किती, उरलेला डोळा कसा, सराव बदलायला वेळ किती, यावर बरेच अवलंबून असते. जिद्द लागतेच, पण ती एकटी पुरत नाही.

हे विद्यार्थ्यांना आणि पालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. आमच्या सीमाभागात मराठी पोरे विटीदांडू म्हणतात, कानडी पोरे चिन्नीदांडू. विटी मात्र दोघांच्याही डोळ्याला सारखीच लागते. दिवाळीतला न उडालेला फटाका वाकून पाहणाऱ्याचीही तीच गत. डोळ्यात काही घुसले तर चोळू नये, ओढून काढू नये, घरगुती औषध घालू नये; डोळ्यावर दाब न देता तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे. 'पतौडी नाही का खेळला?' हे वाक्य अशा वेळी सांत्वनाला ठीक आहे, निष्काळजीपणाला सबब म्हणून नाही.

पतौडी २२ सप्टेंबर २०११ रोजी गेले. मृत्यूनंतर त्यांचे नेत्रदान झाले. एका डोळ्याची किंमत काय असते, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?