महिला खेळाडू त्रयी

महिला खेळाडू त्रयी (फिमेल अ‍ॅथलीट ट्रायड) ही क्रीडावैद्यकातील एक संज्ञा आहे. नियमित व कठोर व्यायाम करणाऱ्या मुली आणि स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीन परस्परसंबंधित विकारांना एकत्रितपणे हे नाव दिले जाते : शरीराला उपलब्ध होणाऱ्या ऊर्जेची कमतरता, मासिक पाळीतील बिघाड आणि हाडांच्या खनिज घनतेतील घट. तिन्ही विकार एकाच वेळी दिसतीलच असे नाही. ऊर्जेची कमतरता काही दिवसांत निर्माण होऊ शकते, पाळीवरील परिणाम काही महिन्यांत लक्षात येतो आणि हाडांची हानी बहुधा अस्थिभंग झाल्यावरच उघडकीस येते.

लांब पल्ल्याची धाव, जिम्नॅस्टिक्स, फिगर स्केटिंग व बॅले यांसारख्या सडपातळ बांध्याला महत्त्व देणाऱ्या प्रकारांत, तसेच कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध यांसारख्या वजनगटांच्या खेळांत या त्रयीचा धोका अधिक असतो. मात्र कोणताही खेळ त्यापासून पूर्णपणे मुक्त नाही.

इतिहास

व्यायामामुळे पाळी थांबू शकते हे क्रीडाक्षेत्रात फार पूर्वीपासून ठाऊक होते; परंतु ते कठोर सरावाचे निरुपद्रवी, किंबहुना सोयीचे लक्षण मानले जात असे. या समजुतीला १९८४ मध्ये मोठा धक्का बसला. बार्बरा ड्रिंकवॉटर व सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या १४ आणि पाळी नियमित असलेल्या १४ खेळाडूंची तुलना केली. पहिल्या गटाच्या कण्यातील हाडांची घनता लक्षणीयरीत्या कमी आढळली. दोन्ही गटांचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते, म्हणजे हाडे सर्वांत बळकट असावीत असे वय.

१९९२ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने भरलेल्या बैठकीत ‘त्रयी’ ही संज्ञा पुढे आली. संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेत विकृत आहारसवयी, अनार्तव (पाळी बंद होणे) आणि ऑस्टिओपोरोसिस हे तीन घटक धरले होते. या व्याख्येमुळे फक्त गंभीर रुग्णच नजरेत येत. २००७ च्या सुधारित भूमिकेत प्रत्येक घटकाकडे निरोगी अवस्थेपासून गंभीर आजारापर्यंतचा सलग पट म्हणून पाहिले गेले आणि ऊर्जा उपलब्धता हे मूळ कारण मानले गेले.

दरम्यान अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक हिचा १९९४ मध्ये वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी आहारविकारामुळे अवयव निकामी होऊन मृत्यू झाला. १९८९ च्या जागतिक स्पर्धेत ती असमांतर बारवर चौथी आली होती. ब्रिटिश धावपटू बॉबी क्ले हिने २०१७ मध्ये आपल्याला विशीतच ऑस्टिओपोरोसिस झाल्याचे आणि तोवर पाळी आलीच नसल्याचे जाहीरपणे लिहिले. २०१५ मध्ये ती १५०० मीटर धावण्याची युरोपीय कनिष्ठ विजेती होती.

ऊर्जा उपलब्धता

आहारातून मिळालेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या इतर सर्व कामांसाठी जे उरते, त्याला ऊर्जा उपलब्धता म्हणतात. ती मेदविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे, दररोज किती किलोकॅलरी, अशी मोजली जाते. निरोगी तरुण स्त्रीसाठी हे प्रमाण ४५ च्या आसपास पुरेसे मानतात.

समजा, एका धावपटूचे वजन ५० किलो असून त्यातील २० टक्के मेद आहे. तिचे मेदविरहित वजन ४० किलो होते. ती दिवसाला १८०० किलोकॅलरींचा आहार घेते आणि सरावात ६०० खर्च करते. उरलेल्या १२०० ला ४० ने भागल्यास उत्तर ३० येते. ४५ गाठण्यासाठी तिला २४०० किलोकॅलरी लागतील, म्हणजे रोज साधारण एका पूर्ण जेवणाची भर. अशी मुलगी उपाशी दिसत नाही. घरच्यांच्या दृष्टीने ती व्यवस्थित जेवत असते. तिचे वजनही स्थिर असू शकते, कारण तुटवडा भासताच शरीर चयापचय मंदावून खर्चाला कात्री लावते. त्यामुळे केवळ वजनकाट्यावर विसंबून ही स्थिती ओळखता येत नाही.

अ‍ॅन लाउक्स आणि जीन थुमा यांच्या २००३ मधील प्रयोगात नियमित पाळी असलेल्या, व्यायाम न करणाऱ्या तरुण स्त्रियांची ऊर्जा उपलब्धता पाच दिवस नियंत्रित करण्यात आली. ती ३० च्या खाली जाताच पाळीचे नियमन करणाऱ्या ल्युटिनायझिंग संप्रेरकाच्या स्पंदनांची लय बिघडली. ३० हा आकडा त्यामुळे बराच प्रसिद्ध झाला. पुढील संशोधनात मात्र ही मर्यादा व्यक्तीनुसार बदलते असे दिसले. व्यायामाचा ताण स्वतः दोषी नसतो, त्याची ऊर्जा भरून न निघणे दोषी असते, हा या संशोधनाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

कमतरतेमागे प्रत्येक वेळी आहारविकारच असतो असे नाही. सरावाचे तास वाढूनही आहार तोच राहणे, कठोर व्यायामानंतर भूक मंदावणे, वसतिगृहातील ठराविक जेवण किंवा निव्वळ गरिबी हीदेखील कारणे असतात.

मासिक पाळीवरील परिणाम

ऊर्जा अपुरी पडल्यावर शरीर तत्काळ जगण्यासाठी अनावश्यक असलेली कामे मागे टाकते आणि प्रजनन हे त्यांपैकी पहिले. मेंदूतील अधश्चेतकाचे (हायपोथॅलॅमस) संकेत मंदावतात, पीयूषिका ग्रंथीकडून अंडाशयाला मिळणारी चालना घटते आणि इस्ट्रोजेनची पातळी खालावते. लेप्टिन व अवटू ग्रंथीचे टी-३ हे संप्रेरकही कमी होते, तर कॉर्टिसॉल वाढते.

आरंभी पाळी वेळेवर येऊनही अंडमोचन होत नाही, त्यामुळे बिघाड बाहेरून कळत नाही. पुढे दोन पाळ्यांतील अंतर ३५ दिवसांपेक्षा वाढते. सलग तीन महिने पाळी न आल्यास किंवा वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत ती सुरूच न झाल्यास अनार्तव म्हणतात. गर्भधारणा, अवटू ग्रंथीचे विकार, पीसीओएस इत्यादी शक्यता वगळल्याशिवाय त्याचे कारण ऊर्जेची कमतरता असल्याचे ठरवता येत नाही.

हाडांवरील परिणाम

प्रौढ हाडांच्या वस्तुमानाचा सुमारे नव्वद टक्के भाग किशोरावस्था संपेपर्यंत साठतो. नेमक्या याच वर्षांत अनेक मुलींचा सराव सर्वाधिक कठोर असतो. इस्ट्रोजेन घटल्याने हाडांची झीज वाढते, तर ऊर्जेच्या अभावामुळे नवे हाड घडण्याची क्रिया मंदावते. दोन्ही बाजूंनी होणारे हे नुकसान सरावाच्या भारामुळे मिळणाऱ्या बळकटीने भरून निघत नाही.

धावणे, उड्या मारणे अशा खेळांत हाडांची घनता सामान्य स्त्रियांपेक्षा जास्त असणे अपेक्षित असते. त्यामुळे डेक्सा तपासणीत समवयस्कांच्या तुलनेत झेड-गुणांक −१ पेक्षा कमी आला तरी खेळाडूच्या बाबतीत तो चिंतेचा मानला जातो. नडगी व पावलाच्या हाडांतील ताणजन्य अस्थिभंग सर्वाधिक परिचित आहेत. मांडीच्या हाडाच्या मानेतील, माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीतील वा कटीतील अस्थिभंग अधिक गंभीर समजले जातात. पाळी पुन्हा सुरू झाल्यावर घनता काही प्रमाणात वाढते, पण ती पूर्णतः भरून येईलच याची शाश्वती नसते.

उपचार

मुख्य उपचार आहार वाढवणे, सराव कमी करणे किंवा दोन्ही हाच आहे. त्यासाठी डॉक्टर, आहारतज्ज्ञ व गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत घेतली जाते. पाळी पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात. कॅल्शियम (भारतातील प्रौढ स्त्रीसाठी शिफारस : दिवसाला १००० मिलिग्रॅम) आणि ड जीवनसत्त्व आवश्यक असले, तरी ते ऊर्जेची जागा घेऊ शकत नाहीत.

पाळी ‘आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्या देण्याचा प्रघात आहे. या गोळ्यांनी दरमहा रक्तस्राव होतो, पण मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्याचे लक्षण मात्र झाकले जाते. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ पाळी मिळवण्यासाठी किंवा हाडांसाठी त्या देऊ नयेत. आहार सुधारूनही पाळी न आल्यास त्वचेवर लावायच्या पट्टीतून इस्ट्रोजेन देण्याचा विचार होतो.

रेड-एस

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा न्यूनता’ (रेड-एस) ही व्यापक संकल्पना मांडली. तीत पुरुष खेळाडूंचा तसेच प्रतिकारशक्ती, हृदय, पचन, मानसिक स्थिती व कामगिरी यांवरील परिणामांचाही समावेश आहे. त्रयीवर काम करणाऱ्या काही संशोधकांनी तिला पुरेसा पुरावा नसल्याची टीका केली. समितीने २०१८ व २०२३ मध्ये ती अद्ययावत केली. सध्या दोन्ही संज्ञा प्रचलित आहेत.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे. रक्तक्षय हा त्रयीचा घटक नसला, तरी थकवा व घटती कामगिरी ही लक्षणे दोन्हींत समान असल्याने लोहाच्या गोळ्या देऊन ऊर्जेच्या तुटवड्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीपूर्वी कुस्तीपटू विनेश फोगाट १०० ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरली. या घटनेने वजन उतरवण्याच्या पद्धतींवर देशभर चर्चा झाली. तो प्रश्न अल्पकाळ पाणी व अन्न तोडण्याचा असून त्रयीहून वेगळा आहे. परंतु वर्षानुवर्षे खालच्या वजनगटात टिकून राहण्याची धडपड खेळाडूला त्रयीकडे नेऊ शकते.