विद्यार्थ्याचा योगक्षेम : नागपूरच्या उच्च शिक्षणाची एक दुर्लक्षित बाजू

विद्यापीठांचे इतिहास आपल्याकडे लिहिले जातात, तेव्हा त्यांत कुलगुरूंची नावे येतात, इमारतींच्या कोनशिला येतात, पदवीदान समारंभातील भाषणेही येतात. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो विद्यार्थी दोन वेळा कोठे जेवत होता, रात्री कोठे निजत होता आणि पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसताना ते कोठून मिळवीत होता, याविषयी हे ग्रंथ बहुधा मौन पाळतात. आजच्या व्याख्यानात मी ही बाजू आपल्यापुढे ठेवणार आहे. आणि त्यातही विशेषेकरून पदवी घेतल्यानंतर पुढे शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची. शाळकरी मुलाची काळजी घर घेते. बावीस-तेवीस वर्षांच्या पदवीधराकडून मात्र घराचीच अपेक्षा असते की त्याने आता चार पैसे मिळवावेत. अशा वेळी जो शिकत राहतो, त्याचा योगक्षेम कोणी चालवायचा, हा प्रश्न समाजाला कधी ना कधी सोडवावाच लागतो. नागपूरने तो कसा सोडवला, कोठे सोडवला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे माधुकरी आणि वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरे ठरवून विद्यार्थी जेवत असे. या पद्धतीची थट्टा पुष्कळ झाली आहे; पण तिच्यातील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. एकाच घरावर भार पडू नये, विद्यार्थ्याला पोटासाठी अभ्यास सोडावा लागू नये आणि विद्यार्जन हे गावाचे काम आहे ही जाणीव राहावी, असा तीन पदरी लाभ तीत होता. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने याच माधुकरीच्या पायावर आपली संस्था उभी केली. परंतु या व्यवस्थेचा उंबरा जातीने बांधलेला होता. ज्याच्या हातचे पाणी चालत नसे, त्याच्यासाठी आठवड्यात एकही वार नव्हता. मुलींचा तर विचारच नव्हता. म्हणजे जी सोय होती ती खरी होती, पण ती थोड्यांचीच होती.

नागपुरात इंग्रजी पद्धतीचे उच्च शिक्षण आले ते हिस्लॉप कॉलेजच्या रूपाने १८८३ साली; पाठोपाठ १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. शिकवणे येथे होते, पण पदवी मात्र परक्या गावची. आरंभी कलकत्ता विद्यापीठाची आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अलाहाबादची. अभ्यासक्रम तिकडे ठरत, परीक्षेचे नियम तिकडून येत. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील बुद्धिमान मुलाला पुढे जायचे असल्यास मुंबई, अलाहाबाद किंवा कलकत्ता गाठावी लागे. आणि हे ज्याला परवडत नसे, तो बी. ए. होऊन कचेरीत कारकुनी धरी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले, तेव्हा सहा महाविद्यालये आणि हजाराच्या आतले विद्यार्थी एवढाच संसार होता. पण त्या दिवशी या प्रांतातील विद्यार्थ्याचा मोठा खर्च वाचला. विद्यापीठ जवळ असणे हीच गरीब विद्यार्थ्याला मिळणारी पहिली मदत होय, हे आपण विसरतो. अमरावतीला १९८३ मध्ये आणि गडचिरोलीला २०११ मध्ये स्वतंत्र विद्यापीठे झाली, त्यामागेही हेच गणित होते.

जवळ विद्यापीठ आले, तरी राहण्याचा प्रश्न उरलाच. येथे आपल्याला नागपूरबाहेर थोडे पाहावे लागेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. १९२० च्या मे अखेरीस हेच शाहू महाराज नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डहून वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून परतले आणि त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. नागपुरात चोखामेळा वसतिगृहाने दलित विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना छप्पर दिले. वार लावून जेवण्याच्या काळात ज्यांच्यासाठी उंबरा नव्हता, त्यांच्यासाठी वसतिगृह हाच उंबरा झाला. त्यामुळे वसतिगृहाकडे केवळ निजण्याची जागा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. विदर्भातील सामाजिक चळवळीचे कार्यकर्ते, वकील, शिक्षक हे अशाच खोल्यांतून बाहेर पडले.

पैसा हाती असला तरी निवारा नसेल तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कमध्ये त्यांना राहायला जागा मिळाली, ग्रंथालय मिळाले. १९१७ मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्याला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना एक खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि ओळख पटताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. राजाची शिष्यवृत्ती जे देऊ शकली, ते शहराने हिरावून घेतले. विद्यार्थ्याला किंवा विद्वानाला मदत करण्याचे काम केवळ खजिन्याचे नाही, ते घरमालकाचेही आहे, हा धडा या प्रसंगातून निघतो.

बाबासाहेबांनी स्वतः तो धडा निराळ्या रीतीने गिरवला. १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी सरकारला जे निवेदन सादर केले, त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, शिष्यवृत्त्यांची मागणी होती. त्यातून १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. पुढे ती अनुसूचित जमातींना आणि इतर मागासवर्गीयांनाही लागू झाली. दात्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली मदत येथे प्रथमच कायमच्या सरकारी योजनेत आली. 'मला द्या' म्हणण्याऐवजी 'माझे आहे' म्हणण्याची सोय झाली.

याचा अर्थ दात्यांचे महत्त्व संपले असा नव्हे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली आपली सुमारे ३५ लाखांची मालमत्ता मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली आणि तेल, रसायन, अन्नप्रक्रिया यांचे शिक्षण मध्य भारतातील मुलांना घराजवळ मिळू लागले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले सर हरिसिंह गौर यांनी स्वकष्टार्जित धनातून १९४६ मध्ये सागर येथे विद्यापीठच स्थापन केले. या माणसांनी विद्यार्थ्याला भोजन घातले नाही. त्यांनी प्रयोगशाळा दिली. संशोधकाला तीही भाकरीइतकीच लागते.

या संदर्भात महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या या प्राध्यापकांना ताम्रपट वाचण्याची गोडी लावण्यात रायबहादूर हिरालाल यांच्या मार्गदर्शनाचा वाटा होता. शिलालेखांचे ठसे, नाणी, मूर्ती यांसाठी १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, हाताशी होते. १९३४ मध्ये विदर्भ संशोधन मंडळ स्थापन झाले. पुढे कलचुरी आणि वाकाटक राजांच्या कोरीव लेखांवरील त्यांचे संपादित खंड जगभर प्रमाण मानले गेले. संशोधकाला लागणारी साधने शहरात विखुरलेली असतात. ती जोडून देणारा गुरू, दार उघडे ठेवणारे संग्रहालय आणि टिपण वाचून दाखवायला एखादे मंडळ, एवढे मिळाले तर विद्वान घडतो.

आता मी ज्या प्रसंगाकडे वळतो, तो नागपूरच्या इतिहासातील एक अभिमानाचा प्रसंग आहे. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थी आपल्या प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणत. त्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी बंदी मानली नाही, संप केला. शेकडो मुलांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढून टाकण्यात आले. त्यांत तेलंगणातील होते, कर्नाटकातील होते आणि औरंगाबादच्या महाविद्यालयातील आपले मराठवाड्यातील मराठी विद्यार्थीही होते. वर्ष बुडणार, एवढ्यावर हे संकट थांबणारे नव्हते. शिस्तभंगासाठी काढलेल्या मुलाला दुसरे विद्यापीठ सहसा दारात उभे करीत नाही. त्यामुळे त्यांच्या शिक्षणाचाच शेवट होण्याची वेळ आली होती.

त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तुकाराम जयराम केदार हे होते. त्यांच्या विद्यापीठाने या मुलांना प्रवेश दिला. आज हे वाक्य सहज वाचले जाते; पण एका बलाढ्य संस्थानच्या विद्यापीठाने ज्यांना अपराधी ठरवले, त्यांना दुसऱ्याने विद्यार्थी म्हणून स्वीकारणे ही साधी गोष्ट नव्हती. शिवाय अडचण केवळ राजकीय नव्हती. उस्मानियात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. शास्त्राच्या संज्ञा उर्दूतून पाठ केलेल्या मुलांना येथे इंग्रजीतून परीक्षा द्यायची होती. परके गाव, बदललेली भाषा, तुटलेली शिष्यवृत्ती आणि मागे घरी पोलिसांची धास्ती, अशा स्थितीत ही मुले नागपूरला आली.

वारंगळहून आलेल्या अशाच एका मुलाचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. नागपूरने आधार दिल्यावर त्यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शास्त्राची पदवी घेतली आणि पुन्हा नागपूरला येऊन कायद्याचा अभ्यास पुरा केला. मराठी त्यांना इतकी अवगत झाली की हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले. १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. पण आश्रय देताना केदारांच्या विद्यापीठाला यांतले काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे फक्त अडचणीत सापडलेला विद्यार्थी होता. पंतप्रधान झाला म्हणून तो निर्णय योग्य ठरत नाही. त्यांच्याबरोबर आलेली आणि पुढे कोठल्या तरी तालुक्यात वकिली किंवा मास्तरकी करीत आयुष्य काढलेली मुले, यांच्यासाठीही तो तितकाच योग्य होता.

स्वातंत्र्यानंतर या कामाला शासकीय रूप आले. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. संशोधनवृत्त्या, वसतिगृहे, विद्यार्थी साहाय्य निधी, घरी अभ्यासाला जागा नसलेल्यांसाठी दिवसाची अभ्यासकेंद्रे अशा योजनांना आयोगाने अनुदान दिले. १९८४ पासून कनिष्ठ संशोधनवृत्तीसाठी देशव्यापी परीक्षा आली. २००५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी अधिछात्रवृत्ती निघाली. महाराष्ट्रात बार्टी, २०१८ मध्ये सारथी आणि २०१९ मध्ये महाज्योती या संस्था पुढे आल्या. त्यांपैकी महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच आहे.

एवढ्या योजना असताना तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली विषमतेची. राष्ट्रीय परीक्षेत वृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. ती न मिळवता केंद्रीय विद्यापीठात पीएच. डी. करणाऱ्याला ८,००० रुपयांची वृत्ती होती. २०१५ मध्ये ती बंद करण्याचे ठरले, तेव्हा देशभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ती चालू राहिली. परंतु राज्य विद्यापीठांना ही योजना लागूच नव्हती. वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय, नागपूरचे विद्यापीठ राज्याचे. दोहोंत अंतर अवघे पाऊणशे किलोमीटर. पण तेथे बसून प्रबंध लिहिणाऱ्याला जो आधार मिळाला, तो येथे बसून लिहिणाऱ्याला मिळाला नाही. बुद्धी तीच, भूक तीच, केवळ फाटकावरची पाटी निराळी.

दुसरी तक्रार विलंबाची आहे. वृत्ती मंजूर होते, पण हप्ता वेळेवर येत नाही. खाणावळवाला महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो, घरमालक भाडे मागतो. सरकारी आदेशावर पोळी मिळत नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला निदान एवढे ठाऊक होते की गुरुवारी कोणत्या घरी पान वाढले जाईल. हक्काची मदत त्या दयेच्या मदतीइतकी तरी वक्तशीर असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

श्रोतेहो, हे काम सरकारचे आहे आणि ते त्याच्याकडून करून घेतले पाहिजे, यात वाद नाही. पण या इतिहासात शहराचा वाटा प्रत्येक पानावर दिसतो. कामठीच्या एका खाणमालकाचे मृत्युपत्र, एका वसतिगृहाचे छप्पर, उघडे राहिलेले संग्रहालय आणि १९३८ साली न विचारता उघडलेला दरवाजा, हे सारे शहराचेच देणे. आज धरमपेठेत, महालात किंवा अमरावती रस्त्यावरच्या वस्त्यांत गडचिरोली-गोंदियाहून आलेली मुले-मुली खोली शोधत हिंडतात. त्यांना भाडे सांगण्याआधी जात विचारणारे घरमालक अजून संपलेले नाहीत. बडोद्याला १९१७ मध्ये जे झाले, त्याची ही सौम्य आवृत्ती आपल्या गल्लीत घडू द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी कोणत्याही आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. रिकाम्या खोलीला भाडेकरू हवा असेल, तर विद्यार्थ्याला तो काय शिकतो एवढेच विचारावे, आणि खोली द्यावी.