सिंगरच्या नंबराची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा पलंगाखाली अजूनही एखादं काळं हातमशीन निघतं. वाकवलेल्या लाकडाचं झाकण, किल्ली हरवलेलं कुलूप, उजव्या हाताने फिरवायचं हँडल. वय विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "माह्या लग्नातली हाय हे मशीन." पण लग्न नेमकं कोणाचं, या प्रश्नावर घरात दोन तट पडतात. आजी म्हणते तिच्या, आत्या म्हणते आजीच्या सासूच्या. घरची साक्ष अशी डळमळीत असली तरी सिंगर कंपनीची बहुतेक वेळा भक्कम असते, कारण ती लोखंडात ठोकलेली आहे.

ही साक्ष मशीनच्या उजव्या कोपऱ्यात सापडते. खांब जिथून वर जातो तिथे लोखंडी बैठकीवर एक छोटा उंचवटा असतो आणि त्यावर अक्षर नि आकडे ठोकलेले असतात. वर्षानुवर्षांचं तेल, धूळ आणि दोऱ्याची लव यांचं काळं किटण त्यावर बसतं. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ते पुसावं. घासकागद मात्र लावू नये, कारण रंगासोबत सोनेरी नक्षीही जाते आणि पुन्हा येत नाही. मग वर पातळ कागद धरून पेन्सिलीची आडवी कांडी फिरवली की आकडे उमटतात. तरी ३ आणि ८ मध्ये गफलत होते. इंग्रजी 'एफ'चा 'ई' झाला तर मशीन एकदम पंचवीस वर्षांनी तरुण होतं.

एवढा नंबर ठोकायची गरज का पडली? आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतलं तेव्हा एका मशीनची किंमत शंभर डॉलरच्या वर होती, म्हणजे साध्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील होता. त्याने १८५६ मध्ये तोड काढली : पाच डॉलर भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याच्या हप्त्याने फेडा. माल लोकांच्या घरी आणि पैसा अजून बाहेर, अशा धंद्यात कोणतं मशीन कोणाकडे आहे हे वहीत नोंदवावंच लागतं. त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटं एकत्र केली आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मशीनमागे आधीच्या पेटंटाचा मालक एलियास हॉव याला पाच डॉलर मिळू लागले. त्या हिशेबालाही मोजदाद आलीच. आज आपण ज्या नंबरावरून कौतुकाने वय काढतो, तो त्या काळी वसुलीच्या कामाचा होता.

हे यंत्र मुळात कशापोटी झालं, याबद्दल गांधीजींचं म्हणणं वेगळं होतं. यंत्रांच्या वेडाविरुद्ध बोलताना त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला आणि सिंगरने बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी हे यंत्र केलं, अशी हकीकत सांगितली. 'यंग इंडिया'त नोव्हेंबर १९२४ मध्ये ते छापून आलं. प्रत्यक्षात सिंगर हा नाटकवाला, एकाच वेळी अनेक संसार चालवणारा, दोन डझनांच्या घरात मुलं असलेला गृहस्थ. पण यंत्राविषयीचं गांधीजींचं मत त्यामुळे खोटं ठरत नाही.

आता अक्षरांकडे. १९०० च्या आधी सिंगरच्या मशीनवर नुसते आकडे असत, आणि ते दीड कोटींच्या पलीकडे गेले. एवढी लांबण वाचायला त्रासाची, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आकड्यांपुढे इंग्रजी अक्षर आलं. इथेच कुळ कळतं, कारण अक्षरावरून कारखाना समजतो. 'जी' म्हणजे अमेरिकेतलं एलिझाबेथ, 'सी' म्हणजे जर्मनीतलं विटेनबर्गे, 'जे' म्हणजे कॅनडा. 'एफ' आणि 'वाय' ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकची. 'एफ' साधारण १९१० पासून, 'वाय' १९२१ पासून १९३५ पर्यंत, आणि मग 'ई-ए'पासून जोडअक्षरांची रांग लागते. क्लाइडबँकच्या किलबोवी भागातला हा कारखाना १८८५ मध्ये उभा राहिला आणि १९१३ या एका वर्षात तिथून तेरा लाखांवर मशीनं बाहेर पडली. १९८० मध्ये तो बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे. मॉडेलच्या आकड्यामागे 'के' असेल, म्हणजे ९९ के, १२८ के, तर तो के किलबोवीचाच.

घोळ होतो तो पुढे. कंपनीच्या नोंदवहीत अमुक तारखेला अमुक मॉडेलसाठी नंबरांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिला, एवढीच नोंद असे. मशीन जुळून, रंगून, तपासून बाहेर पडायला नंतर कित्येक महिने लागू शकत. मग बोट, मुंबईचं गोदाम, दुकान. म्हणून वहीतल्या तारखेला बारसं समजावं, घरप्रवेश नव्हे. वऱ्हाडात वर्षभराचा फरक धरायला हरकत नाही, दुकानात पडून राहिलेलं असेल तर जास्तच.

वऱ्हाडात यायची वाट मात्र तयार होती. मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला, आणि जलंबहून खामगावला फाटा १८७० मध्ये सुरू झाला. तो कापसासाठी : अमेरिकेतल्या यादवीने वऱ्हाडी कापसाला जो भाव आला, त्याने खामगावचा बाजार फुगला होता. कापसाच्या गाठी नेणारी वाघीण येताना रिकामी कशाला येईल! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधला सिंगरचा कारभार मुंबईचे पारशी गृहस्थ एन. एम. पटेल पाहत होते, आणि हप्त्याची पद्धत इथेही होती. मेहकर, चिखली, देऊळगाव राजा ही गावं रुळापासून लांब. तिथे पेटी बैलगाडीतून गेली असणार, आणि अशा रस्त्यासाठी पायमशीनच्या लोखंडी पायांपेक्षा हातमशीनच बरं.

नंबर एकटा बोलला तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. शटल बघावं. सुईखालची सरकपट्टी बाजूला केल्यावर होडीच्या आकाराचं लांबट शटल आणि त्यात बारीक लांब बॉबीन दिसली, तर ते २७-२८ च्या घराण्यातलं किंवा त्यांच्या पुढच्या पिढीचं १२७-१२८. गोल बॉबीन वरूनच आत बसते ते ६६ किंवा त्याची लहान आवृत्ती ९९. डावीकडून बॉबीन केस काढावी लागते ते १५, आपल्या शिंप्यांच्या सगळ्यात ओळखीचं. ९९ हे १९११ च्या आधी नव्हतं. नंबर त्याआधीचा निघत असेल तर वाचण्यात चूक आहे. पितळी बिल्ल्याभोवती निळी कड आणि १८५१-१९५१ असे आकडे असतील तर तो कंपनीच्या शताब्दीचा. म्हणजे आजीचं लग्न १९५२ चं आणि मशीन 'वाय' अक्षराचं असेल, तर तिच्या लग्नात आलं तरी ते नवं नव्हतं, किंवा आत्याचंच बरोबर होतं.

नंबर बैठकीचा आहे, हेही विसरू नये. गावोगावच्या दुरुस्तीत हेडचा वरचा भाग, हँडल, चाक, झाकण बदलत जातं. शिवाय १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' काढली. पुढे लुधियानात १५ नंबरच्या धर्तीवरची हेडं ओतली जाऊ लागली. काळा रंग, सोनेरी वेलबुट्टी, अगदी सिंगरची नक्कल. त्यावर सिंगरचं स्टिकर डकवणं पोरखेळ आहे, पण कारखान्याचं अक्षर आणि त्या अक्षराला शोभणारा आकडा ठोकणं तितकं सोपं नाही. बाजारातले बरेच 'शंभर वर्षांचे सिंगर' या एका खुणेवर गळतात.

किमतीबद्दल गैरसमज फार आहेत. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरच्या सुईत 'लाल पारा' नावाचा मौल्यवान पदार्थ असतो. लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजून मशीनं उचलली आणि सुईजवळ मोबाइल धरून पारा तपासू लागले. पारा अर्थातच नव्हता. 'वाय'च्या मशीनांत दुर्मिळ असं काही नाही, ती लाखोंनी निघाली. भंगारवाला ती वजनावरच मागतो, आणि त्याच्या हिशेबाने तो चुकत नाही. घ्यायचं तर चालतंय का ते बघून घ्यावं. २८ ची लांब बॉबीन मिळवताना दमछाक होते, पण सुईची चिंता नको : २८, ६६, ९९ आणि आजचं साधं घरगुती मशीन यांची सुई एकाच मापाची, आणि सोळा नंबर मागितला तर खामगावातल्या कोणत्याही शिलाई सामानाच्या दुकानात ती पुडीत मिळते.