पाचशे बारा बाइटांची अनुक्रमणिका

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्याच्या फ्लॉपीचे पहिले दोन सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, हीच साऱ्या डिस्कची अनुक्रमणिका. पहिल्यात फायलींची नावे, दुसऱ्यात त्यांची लांबी आणि सुरुवातीची जागा. फायली फार तर ३१. पुढे डिस्क रिकामी असली तरी नवीन नोंद नाही!

आज सी भाषेत ‘रीडडिर’ लिहिले की यादी हाती येते. या जुन्या डिस्कची यादी मात्र आपणच उलगडायची. प्रत्येक नोंदीत सात बाइट नावाचे, आठवा डिरेक्टरीच्या अक्षराचा. त्या आठव्यातला वरचा बिट म्हणजे फायलीचे कुलूप. तो बाजूला काढूनच अक्षर छापायचे.

फाइल पुसली तरी जाते ती नोंद. मजकूर त्यावर दुसरे काही लिहीपर्यंत टिकतो. पेशवे दफ्तराचे रुमाल आठवा: कागद शाबूत, पण यादीच नसेल तर शोधायचे कुठे?

आपल्या सिल्वासाच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. माळ्यावर वर्गणीच्या किंवा नाटकाच्या याद्यांची सव्वापाच इंची फ्लॉपी सापडली, तर ती कोरडी ठेवा, कडेची खाच चिकटपट्टीने बुजवा आणि मगच वाचायला घ्या. खाच बुजली की तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही.